सिनाईची पोथी आणि तिची पावती

दिवाळी तोंडावर आली की घरोघर झाडलोट निघते. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, फडताळे रिकामी होतात आणि जुन्या कागदांचा एक ढीग ओटीवर जमतो. त्या ढिगापुढे बसलेल्या माणसाला दरवर्षी तोच प्रश्न पडतो : यांतले ठेवायचे काय आणि रद्दीत घालायचे काय? पणजोबांच्या हातची एखादी पोथी निघते. कडा कुरतडलेल्या, शेवटची पाने गहाळ, अक्षर घरात कुणालाच लागत नाही. बहुतेक घरांत ती पुन्हा फडक्यात बांधून माळ्यावर जाते. काही घरांत जात नाही.

एका अत्यंत मोलाच्या ग्रंथाचे नशीब एकदा याच प्रश्नावर येऊन ठेपले होते, असे तो शोधून काढणारा विद्वान पुढे सांगत असे. त्या विद्वानाचे नाव कॉन्स्टंटिन टिशेन्डॉर्फ. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाचा हा प्राध्यापक एकोणिसाव्या शतकातला बायबलचा सर्वांत मोठा संहितासंशोधक मानला जातो. त्याचे चरित्र वाचताना मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत आल्या आहेत. अशी विद्याभक्ती क्वचितच पाहायला मिळते, हे एक. आणि विद्याभक्तीलाही परक्याचे धन हाताळताना सांभाळून पाऊल टाकावे लागते, हे दुसरे. त्याची गोष्ट पुरती सांगायची, तर या दोहोंपैकी एकही बाजू गाळता येत नाही.

टिशेन्डॉर्फचा जन्म 18 जानेवारी 1815 रोजी सॅक्सनीतील लेंगेनफेल्ड या लहानशा गावी झाला. वडील डॉक्टर होते. मुलाच्या लांबलचक नावातले पहिलेच नाव होते ‘लोबेगोट’. त्याचा अर्थ, देवाची स्तुती कर. 1834 साली तो लाइपझिगला धर्मशास्त्र व भाषा शिकायला गेला. ग्रीक भाषेत त्याची गती विलक्षण होती. त्यात काळही मोठा खळबळीचा होता. 1835 साली डाव्हिड स्ट्राउस या तरुण जर्मन पंडिताने येशूचे चरित्र लिहून साऱ्या युरोपात वादळ उठवले. शुभवर्तमानांतला बराच भाग इतिहास नसून श्रद्धेतून जन्मलेली पुराणकथा आहे, असे त्याचे म्हणणे. शुभवर्तमाने येशूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी रचली गेली असावीत, असेही मत ट्यूबिंगेनच्या विद्यापीठातून मांडले जाऊ लागले. श्रद्धाळू घरांतून अशा मतांना शिव्याशापांनी उत्तर मिळत होते. तरुण टिशेन्डॉर्फला ते उत्तर पुरेसे वाटेना. त्याने ठरवले की वाद घालण्याआधी मूळ ग्रंथात नेमके काय लिहिले होते, ते जुन्यांत जुन्या पुराव्यावरून निश्चित करायचे.

ही अडचण काय होती, हे आपल्या वाचकाला फोडून सांगण्याची गरज नाही. छापखाना येण्यापूर्वीचा प्रत्येक ग्रंथ हातांनी नकलून पुढे आला. नकलणारा थकतो, ओळ गाळतो, समासातली टीप मजकुरात घुसडतो, कधी भक्तीच्या भरात दोन शब्द पदरचे घालतो. ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षे होत आली तोवर तिच्या प्रतींत असे पाठ इतके शिरले होते की पैठणच्या एकनाथमहाराजांना शके 1506 मध्ये प्रती ताडून ग्रंथ शुद्ध करावा लागला, आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये, असे बजावावे लागले. बायबलच्या नव्या कराराचीही तीच गत होती. त्याच्या लेखकांच्या हातची एक ओळही आज उरलेली नाही. उरल्या आहेत त्या नकलांच्या नकला. 1516 साली इरॅस्मसने बाझेलमध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या हाताशी होती ती थोडी आणि बरीच अलीकडची हस्तलिखिते. ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाच्या त्याच्या प्रतीचे अखेरचे पानच नव्हते. तेव्हा त्याने तेवढा मजकूर लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये उतरवला! अशा पायावर उभी राहिलेली छापील संहिता पुढे तीनशे वर्षे ‘सर्वमान्य पाठ’ म्हणून चालली. बर्लिनच्या कार्ल लाखमान या भाषापंडिताने 1831 साली ती बाजूला ठेवून जुन्या हस्तलिखितांवरून नवी आवृत्ती काढली, आणि टिशेन्डॉर्फ त्याच वाटेने पुढे निघाला.

1840 च्या अखेरीस तो पॅरिसला पोहोचला. खिशात पैसे बेताचे, थंडीला पुरेसा कोट नाही, गावाकडे वाग्दत्त वधू वाट पाहत बसलेली. तिला लिहिलेल्या पत्रांत त्याने आपल्या कामाला पवित्र कार्य म्हटले आहे. पॅरिसच्या राजग्रंथालयात एक विचित्र पोथी होती. पाचव्या शतकात कुणी चामड्याच्या पानांवर ग्रीक बायबल लिहिले. चामडे महाग, म्हणून बाराव्या शतकात कुणीतरी ती अक्षरे खरवडून काढली आणि त्याच पानांवर सीरियाच्या एफ्राइम या संताची प्रवचने लिहिली. खालचे जुने अक्षर पुसट सावलीसारखे उरले होते. ते वाचणे अशक्य, असा मोठमोठ्यांचा निर्वाळा होता. ग्रंथालयाने काही वर्षांपूर्वी रसायने लावून पाहिली होती; त्यांनी काही अक्षरे उठली आणि काही पाने डागाळली. पंचविशीतला हा जर्मन तरुण त्या 209 पानांपुढे बसला आणि दोन वर्षांत त्याने त्यांतले बायबल अक्षर-अक्षर करून वाचले. नवा करार 1843 मध्ये व जुन्या कराराचा उरलेला भाग 1845 मध्ये छापून निघाला. डोळ्यांच्या जोरावर मिळवलेल्या या एका विजयाने टिशेन्डॉर्फचे नाव युरोपभर झाले.

नाव झाले तरी सर्व दारे उघडली असे नव्हे. रोमला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात चौथ्या शतकातील बायबलची एक प्रख्यात प्रत होती. 1843 साली तो तेथे गेला. खुद्द पोपची भेट झाली. पण पोथी पाहायला मिळाली ती अवघे सहा तास. मग त्याच्या मनात आले की युरोपातली ग्रंथालये तर लोकांनी चाळलेली आहेत. पूर्वेकडच्या जुन्या मठांत काय पडले असेल, कोणाला ठाऊक? सॅक्सनीचे सरकार व काही सधन मंडळी यांच्याकडून मदत मिळवून तो 1844 मध्ये इजिप्तला उतरला आणि कैरोहून उंटावर बसून सिनाईच्या वाळवंटात शिरला.

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनचा मठ आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तो बांधला आणि तेव्हापासून तो कधी ओस पडला नाही. भोवती ग्रॅनाइटची उंच तटबंदी. त्या काळी पाहुण्याला दरवाजाने आत घेत नसत. तटावर वीसपंचवीस हात उंचीच्या खिडकीतून दोर खाली येई. आधी ओळखपत्र वर जाई, ते पटले की मग माणूस. पुढे जगप्रसिद्ध झालेला हा प्राध्यापक मे महिन्यातल्या एका दिवशी असाच दोराला लोंबकळत त्या मठात गेला.

आता टोपलीची गोष्ट. टिशेन्डॉर्फने ती पुढे छापून सांगितली ती अशी : मठाच्या ग्रंथालयाच्या दालनात मध्यभागी एक मोठी टोपली ठेवलेली होती आणि तीत जुनी चर्मपत्रे भरली होती. अशा दोन टोपल्या यापूर्वीच आगीत गेल्या आहेत, असे ग्रंथपालाने त्याला सांगितले. त्याने आत हात घातला, तो ग्रीक जुन्या कराराची पाने! इतके जुने वळण त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. एकूण 129 पाने होती. त्याचा आनंद चेहऱ्यावर दिसला मात्र, भिक्षू सावध झाले. त्याला मिळाली ती 43 पाने. ती त्याने लाइपझिगला आणली, सॅक्सनीच्या राजाचे नाव देऊन 1846 मध्ये छापली, आणि कोठे मिळाली हे मात्र जाणूनबुजून सांगितले नाही. उरलेली पाने दुसऱ्या कुणाच्या हाती पडतील, ही धास्ती.

या गोष्टीवर मठाचा आक्षेप आजतागायत आहे. पाने टोपलीत ठेवण्याची आमची रीतच होती, चर्मपत्र काही जळणाच्या कामाचे नव्हे, आणि ज्या मठाने तेरा शतके हजारो पोथ्या सांभाळल्या तो त्यांनी शेकोटी कशी पेटवील? असे त्यांचे म्हणणे. टिशेन्डॉर्फने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला तोही कित्येक वर्षांनी, पोथी मठाबाहेर गेल्यानंतर, जेव्हा ती आपण वाचवली असे म्हणणे त्याच्या सोयीचे होते. मला विचाराल तर साक्षीदार एकच, आणि तोही पक्षकार. अशा साक्षीवर मठाला दोषी ठरवायला माझे मन घेत नाही. पण टिशेन्डॉर्फने ती पाने ओळखली नसती तर जगाला त्यांचा पत्ता आणखी किती काळ लागला नसता, हेही सांगता येत नाही.

1853 मध्ये तो पुन्हा सिनाईला गेला. उरलेल्या पानांचा मागमूस नाही. एका संतचरित्रात खूण म्हणून घातलेला एक तुकडा तेवढा मिळाला, त्यावर उत्पत्तीच्या पुस्तकातल्या अकरा ओळी. आपली पोथी कुणीतरी युरोपात नेली असावी, असे समजून तो परतला. वास्तविक ती मठातच होती, आणि पोर्फिरी उस्पेन्स्की नावाच्या एका रशियन धर्माधिकाऱ्याने 1845 मध्येच ती डोळ्यांनी पाहिली होती.

तिसऱ्या खेपेस टिशेन्डॉर्फने वेगळी चाल केली. सिनाईचे भिक्षू ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे. आणि त्या पंथाचा सर्वांत मोठा आश्रयदाता म्हणजे रशियाचा झार. एका जर्मन प्रॉटेस्टंट प्राध्यापकाला रशियाने पैसे का द्यावेत, अशी कुरकुर तिकडे झालीच. तरी झार दुसरा अलेक्झांडर याने त्याला पाठबळ दिले. 31 जानेवारी 1859 रोजी तो झारचा माणूस म्हणून मठात दाखल झाला. चार दिवस शोधाशोध केली, काही हाती लागेना. 7 तारखेला निघण्यासाठी उंट सांगून ठेवले. 4 फेब्रुवारीच्या संध्याकाळी मठाच्या तरुण कारभाऱ्याबरोबर तो फिरून परतला. कारभाऱ्याने त्याला फराळासाठी आपल्या खोलीत नेले आणि बोलता बोलता, आपल्याकडेही एक ग्रीक जुना करार आहे, असे म्हणत कोपऱ्यातून लाल कापडात बांधलेले एक गाठोडे काढून त्याच्यापुढे ठेवले.

गाठोडे सुटले. पंधरा वर्षांपूर्वी टोपलीत पाहिलेली पाने त्यात होती. जुन्या कराराची आणखी कितीतरी पाने होती. आणि नवा करार तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत संपूर्ण होता. जोडीला ‘बर्नबाचे पत्र’ या प्राचीन ग्रंथाचा सबंध ग्रीक मजकूर, ज्याचा आरंभीचा भाग विद्वानांना तोवर मूळ भाषेत मिळालाच नव्हता. या वेळी टिशेन्डॉर्फ शहाणा झाला होता. त्याने चेहरा कोरा ठेवला आणि सहज चाळण्यासाठी म्हणून गाठोडे आपल्या खोलीवर मागून घेतले. दार लावल्यावर मात्र त्याला राहवेना. थंडी मी म्हणत होती, दिवा मिणमिणता होता. पण अशा रात्री झोपणे त्याला पाप वाटले. रात्रभर बसून तो बर्नबाचे पत्र उतरवत राहिला.

ही पोथी म्हणजे आज ‘कोडेक्स सिनाईटिकस’ या नावाने ओळखली जाणारी चौथ्या शतकाच्या मध्याची बायबलची प्रत. पान सुमारे 38 सेंटिमीटर उंच नि 34 सेंटिमीटर रुंद. प्रत्येक पानावर बहुधा चार स्तंभ, प्रत्येक स्तंभात 48 ओळी. सर्व अक्षरे मोठी, आणि दोन शब्दांमध्ये जागा म्हणून नाही. संपूर्ण नवा करार ज्यात आहे असे याहून जुने ग्रीक हस्तलिखित आजही जगात दुसरे नाही.

मठातून पोथी हलवायला भांडारप्रमुखाने नकार दिला. वरिष्ठ मंडळी नव्या मुख्य धर्माधिकाऱ्याच्या निवडीसाठी बाहेर पडलेली होती. टिशेन्डॉर्फने कैरोला त्यांना गाठले, परवानगी मिळवली, आणि एक बेदुइन शेख सांडणीवर बसून पोथी कैरोला घेऊन आला. तेथे एका वेळी आठ पाने या बोलीने ती त्याच्या हाती पडू लागली. दोन जर्मन मदतनीस घेऊन त्याने दोन महिन्यांत सर्व पोथी उतरवली. त्याच्याच हिशेबाने ओळी 1,10,000. आणि शिवाय मूळ मजकुरावर पुढच्या शतकांतील हातांनी केलेल्या बारा हजारांवर दुरुस्त्या, त्याही प्रत्येकी टिपलेल्या. कैरोतल्या उन्हाळ्याची झळ सोसत चालवलेले हे काम नुसते मनाशी आणले तरी आपली बोटे दुखू लागतात.

एव्हाना मठात निवडणुकीचा तिढा पडला होता. सिरिल या निवडून आलेल्या धर्माधिकाऱ्याला जेरुसलेमचे धर्मपीठ मान्यता देईना. भिक्षूंना रशियाचे वजन हवे होते; टिशेन्डॉर्फला पोथी हवी होती. त्याने कॉन्स्टॅन्टिनोपलला जाऊन रशियन वकिलातीमार्फत त्यांच्यासाठी खटपट केली आणि सप्टेंबर 1859 मध्ये पोथी मिळवली. कोणत्या अटीवर मिळवली, ते त्याच्या स्वतःच्या सहीच्या पावतीत लिहिलेले आहे, आणि ती पावती मठाने जपून ठेवली आहे. पोथी मठाच्या मालकीची आहे. 346 पाने व एक लहान तुकडा मला उसना मिळाला आहे. छपाईच्या वेळी माझी नक्कल मुळाशी ताडून पाहता यावी म्हणून मी तो सेंट पीटर्सबर्गला नेत आहे. आणि मठाने मागताक्षणी तो जसाच्या तसा परत करीन, हा त्या पावतीचा आशय. मठाची मंडळी झारला ही पोथी नजर करणार आहेत असे त्याला तोंडी भासवले गेले होते, हे खरे असेल. रशियाच्या वकिलाच्या पत्रातही देणगी झाल्यास अशी भाषा आहे. पण देणगी झाली नाही तर मालकी मठाचीच, हेही त्याच पत्रात आहे.

नोव्हेंबर 1859 मध्ये पोथी झारपुढे ठेवण्यात आली. रशियन राज्याला हजार वर्षे पूर्ण होत होती. त्या उत्सवानिमित्त 1862 साली तिची चार खंडांची आवृत्ती झारच्या खर्चाने लाइपझिगला छापली गेली. त्यासाठी पोथीच्या अक्षरवळणाबरहुकूम खास टाइप ओतून घेतला होता. 300 प्रती निघाल्या. मूळ पोथी मात्र सिनाईला गेली नाही. तिकडे सिरिलची गादी गेली, नवा प्रमुख आला, आणि 1869 मध्ये मठाने पोथी झारला दिल्याच्या दानपत्रावर सह्या केल्या. मोबदला म्हणून 9,000 रुबल आणि काही मानचिन्हे मठाकडे गेली. त्याच वर्षी टिशेन्डॉर्फला रशियाने सरदारकी दिली. म्हणजे कायद्याने व्यवहार पुरा झाला. पण दहा वर्षे वस्तू ताब्यात ठेवून मग देणाऱ्याकडून मिळवलेल्या दानाला दान म्हणताना जीभ किंचित अडखळते. मठाच्या आठवणीत तर ती पावतीच राहिली.

मध्यंतरी एक गमतीचा प्रकार घडला, तोही सांगायला हवा. कॉन्स्टंटिन सिमोनिडिस नावाचा एक ग्रीक गृहस्थ जुनी हस्तलिखिते बनवण्यात महापटाईत होता. 1856 मध्ये त्याने एक बनावट प्राचीन इतिहास मोठमोठ्या जर्मन विद्वानांच्या गळ्यात जवळजवळ बांधला होता. तो उघडकीस आणणाऱ्यांत टिशेन्डॉर्फ होता. सिमोनिडिसने सूड उगवला तो अजब. 1862 मध्ये त्याने इंग्लंडच्या एका वृत्तपत्रात जाहीर केले की ही सिनाईची पोथी प्राचीन बिचीन काही नाही, मी स्वतःच तरुणपणी अथॉस पर्वतावरच्या मठात ती लिहिली! खोटेपणाबद्दल प्रसिद्ध असलेला माणूस खऱ्या वस्तूला आपले खोटे काम म्हणतो आणि काही लोक त्यावर विश्वासही ठेवतात, हा मासला न्यारा. केंब्रिजचा ग्रंथपाल हेन्री ब्रॅडशॉ याने पोथी स्वतः पाहून तिच्या खरेपणाची ग्वाही दिली, तेव्हा धुरळा खाली बसला.

पण खरा कस सिमोनिडिसने पाहिला नाही. तो पोथीनेच पाहिला. जुन्यांत जुनी संहिता सापडली की श्रद्धेचा पाया भक्कम होईल, या आशेने टिशेन्डॉर्फ घराबाहेर पडला होता. आणि त्या संहितेत काय निघाले? मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू शिष्यांना दर्शन देतो, त्या बारा ओवींइतक्या वचनांचा पत्ता नाही. रिकामी कबर पाहून स्त्रिया भयभीत होऊन पळाल्या, एवढ्यावर ग्रंथ थांबतो. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीला येशूने वाचवले, ही सर्वांच्या आवडीची कथा योहानाच्या शुभवर्तमानात नाहीच. प्रभूच्या प्रार्थनेचे घोषासारखे शेवटचे वाक्यही नाही. एखाद्या कच्च्या माणसाने येथे पोथीला दोष दिला असता. टिशेन्डॉर्फने पुराव्याला मान दिला आणि आपल्या आवृत्तीत हे भाग मागाहूनची भर म्हणून बाजूला काढले. 1869 ते 1872 या काळात त्याची नव्या कराराची आठवी, सर्वांत मोठी आवृत्ती दोन खंडांत निघाली. सातव्या आवृत्तीपेक्षा तीत तीन हजारांहून अधिक ठिकाणी पाठ बदलले होते, मुख्यत्वे सिनाईच्या पोथीमुळे. आपल्या लाडक्या पोथीला त्याने वाजवीपेक्षा जास्त मान दिला, अशी टीका तेव्हापासून होते, आणि ती खोटी नाही. तरी ज्या ग्रंथावर आपली भक्ती, त्याच्यातली वचने पुरावा नाही म्हणून वगळायला लागणारे धैर्य लहान नव्हे. ती आवृत्ती अभ्यासकांना आजही चाळावी लागते.

5 मे 1873 रोजी त्याला पक्षाघाताचा झटका आला. 7 डिसेंबर 1874 रोजी लाइपझिग येथे त्याचे निधन झाले. आठव्या आवृत्तीची प्रस्तावना लिहायची राहिली होती. ती कास्पर रेने ग्रेगरी या अमेरिकेत जन्मलेल्या विद्वानाने पुढे वीस वर्षांत पुरी केली.

याच मठात 1892 मध्ये केंब्रिजहून दोन जुळ्या बहिणी आल्या. अॅग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन. दोघी विधवा, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, विद्यापीठाची पदवी एकीजवळही नाही. त्या भिक्षूंशी त्यांच्याच ग्रीक भाषेत बोलत. त्यांना तेथे खरवडलेल्या पानांखाली सीरियाक भाषेतील शुभवर्तमानांची अतिप्राचीन प्रत सापडली. त्यांनी कॅमेऱ्याने तिची छायाचित्रे घेतली, पुढच्या वर्षी जाणकारांना बरोबर आणून ती जागेवरच उतरवून घेतली, आणि पोथी होती तेथेच ठेवली. ती आजही तेथे आहे. टिशेन्डॉर्फजवळ असा कॅमेरा नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण कैरोत त्याने दोन महिन्यांत सबंध पोथीची नक्कल केलीच होती, हे दुसऱ्या बाजूने सांगायला हवे.

पोथीचा प्रवास टिशेन्डॉर्फबरोबर संपला नाही. क्रांती झाली, झार गेला, आणि परकीय चलनाच्या निकडीत असलेल्या सोव्हिएट सरकारने 1933 साली ती ब्रिटनला एक लाख पौंडांना विकली. निम्म्याहून अधिक रक्कम लोकांनी वर्गणी काढून उभी केली. लंडनच्या काचपेटीतली तिची उघडी पाने मी एकदा पाहिली. तपकिरी शाई, सरळ रेघेतली अक्षरे, मधूनच एखाद्या ओळीवर वेगळ्या हाताची बारीक दुरुस्ती. शेजारी उभी असलेली माणसे हळू आवाजात बोलत होती. पाटीवर सिनाईचे नाव होते. पाटीत मावणार नाही असे पुष्कळ काही मला त्या वेळी आठवले.

मग 1975 मध्ये सिनाईच्या मठात उत्तरेच्या तटाजवळची एक बुजलेली खोली साफ करताना हस्तलिखितांचा मोठा साठा निघाला. त्यांत याच पोथीची बारा पाने आणि काही तुकडे होते. म्हणजे ज्या मठाच्या हातून ती वाचवावी लागली असे सांगितले गेले, त्याच मठाच्या मातीने तिची काही पाने कुणाच्याही मदतीवाचून सांभाळली होती. आज 347 पाने लंडनला, 43 लाइपझिगला, काही तुकडे सेंट पीटर्सबर्गला आणि ही नवी पाने सिनाईला, अशी ती चार घरांत वाटली गेली आहे. चारही घरांनी 2005 मध्ये करार केला, आणि 2009 पासून सर्व पानांची छायाचित्रे संगणकावर एकत्र पाहता येतात.

पोथीचा मालक कोण : जो ती पिढ्यान्‌पिढ्या राखतो तो, की जो ती वाचू शकतो तो? हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला शिकले, तेथली संहिताचिकित्सेची शिस्त त्यांनी पुण्यात आणली, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेने काश्मीरपासून केरळपर्यंतच्या शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या. ते काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पुरे झाले. अशा कामाला पोथ्या लागतात, आणि पोथ्या देणाऱ्यांचा विश्वास त्याहून अधिक लागतो. ज्या घराने एकदा दिलेली पोथी परत आली नाही, ते घर पुढच्या अभ्यासकाला दार उघडत नाही. टिशेन्डॉर्फनंतर कित्येक वर्षे सिनाईला जाणाऱ्या विद्वानांना हे भोगावे लागले.

तेव्हा त्याला चोर म्हणून मोकळे होणे मला जमत नाही आणि उद्धारक म्हणून ओवाळणेही जमत नाही. त्याच्या डोळ्यांचे नि चिकाटीचे ऋण बायबल वाचणाऱ्या प्रत्येकावर आहे. आणि त्याचे स्वतःचे एक ऋण फिटायचे राहिले. बारा हजार दुरुस्त्या एकेक करून टिपणाऱ्या या माणसाने आपल्या हाताने लिहिलेला एक छोटा मजकूर मात्र शब्दशः पाळला नाही. त्याच्या पावतीची प्रत एकच आहे, अक्षर त्याचेच आहे, आणि तिच्यात पाठभेद नाहीत.